मुक्ताचे दात

आक्कानं दार लोटलं तेव्हा माझा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. तिनं तो पाहिला असणार, तरी दार काही थांबलं नाही. मीच पाय मागं घेतला. आतून कडी पडली, आणि पाठोपाठ मुक्ता रडायला लागली.

मी नुकताच ड्यूटीवरून आलो होतो. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं, कमरेला पक्कड-पान्यांचा पट्टा तसाच होता. आई अंगणात चिंचा फोडत बसली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं मान वर न करता सांगितलं, की आजच्या दिवस हौसाकाकूकडं जेव, मी सांगून ठेवलंय.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या चैत्रातली. मी सव्वीस वर्षांचा होतो. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागून तीन वर्षं झाली होती आणि नशिबानं बदली आमच्याच गावच्या सेक्शनला मिळाली होती. गाव माणदेशातलं, कोरडं, उघडंबोडकं. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात आई आणि मी. शालनआक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिचे मालक फौजेत, त्या वेळी राजस्थानच्या सरहद्दीवर होते आणि तिथं कुटुंब न्यायची सोय नव्हती. म्हणून बाळंतपणाला आलेली आक्का आमच्याकडेच राहिली होती. तिची मुक्ता आठ महिन्यांची झाली होती.

गेले तीन आठवडे मुक्ताला दातांनी भंडावून सोडलं होतं. हिरड्या सुजल्या होत्या, लाळेनं दिवसातून सहा झबली भिजत होती. हाताला लागेल ते ती तोंडात घालायची आणि चावता येत नाही म्हणून रडायची. आईनं सगळं करून पाहिलं. खारकेला दोरा बांधून ती चोखायला दिली, ज्येष्ठमधाची कांडी दिली, टाकणखाराची लाही मधातून हिरड्यांना चोळली, माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं चावायला दिलं. प्रत्येक गोष्टीनं पोर घटकाभर गप्प व्हायची आणि मग नव्या दमानं सुरू करायची.

तिला शांत करणं मला जमायचं. यात माझी काही हुशारी नव्हती, कसं कोण जाणे, जमून गेलं होतं. संध्याकाळी आलो, की मी हात धुऊन तिला खांद्यावर घ्यायचो. ती माझ्या शर्टाची कॉलर तोंडात धरायची. मग मी एका बोटानं तिची खालची हिरडी हळूहळू चोळत गोठ्यापासून फाटकापर्यंत चालायचो आणि आमच्या लाइनवरच्या गावांची नावं एका चालीत म्हणायचो. पळशी, धामणी, वरकुटे, पुन्हा पळशी. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिचं डोकं जड व्हायचं. आक्का पायरीवर बसून बघायची. एकदा म्हणाली होती, की हिला बाप आठवायचा नाही, पण तुझी ही गावं पाठ होतील.

तीच आक्का आता मला उंबऱ्यातून परत पाठवत होती.

मला वाटलं, माझे हात. लाइनमनचे हात कधीच पुरते निघत नाहीत. ग्रीस नखांत राहतं, बोटांच्या घड्यांत राहतं. आदल्या दिवशी मी याच बोटानं मुक्ताची हिरडी चोळली होती. तेवढ्यानं काही बाधलं असेल, आणि आक्काला बोलून दाखवायचं नसेल. मी हौदापाशी गेलो, चुलीतली राख घेतली, लिंबाची फोड घेतली आणि कातडी चुरचुरेपर्यंत हात घासले. मग दारापाशी जाऊन सांगितलं, की आक्का, हात अगदी स्वच्छ धुतलेत, बघ तरी.

आतून मुक्ताचं रडणं तेवढं आलं. मी तिथंच थोडा वेळ हात पुढं धरून उभा राहिलो, जसं काही कुणी बघणार होतं.

हौसाकाकू म्हणजे आमच्या शेजारची, आईची जुनी मैत्रीण. तिच्याकडं जेवायला बसलो तर तिनं भाकरीवर तुपाचा गोळा वाढला, मग आणखी एक. मी नको म्हणालो तरी ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. कुणी लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाकडं बघावं तसं. भिंतीपलीकडून मुक्ता रडतच होती, आणि तिला काय हवं आहे हे माहीत असलेला माणूस इथं तूप-भाकरी खात बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच आळीतल्या खांबावरचा जंपर, म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा, ढिला झाल्याची तक्रार आली. मी परमिट घेऊन लाइन बंद केली, पट्टा बांधला आणि वर चढलो. त्या खांबावरून आमचं अंगण दिसतं. आक्का मुक्ताला घेऊन येरझाऱ्या घालत होती. पोरीचा आवाज आता बसला होता. रडणं घशातून खरवडून निघाल्यासारखं येत होतं. आक्काचे केस सुटले होते. एका खांद्यावरून पोर दुसऱ्या खांद्यावर, तिथून मांडीवर, पुन्हा खांद्यावर. तिचं तिलाच कळत नव्हतं काय करावं.

मग तिनं मान वर केली आणि मी दिसलो.

तिनं पटकन पदर मुक्ताच्या तोंडावर ओढला आणि जागच्या जागी उभी राहिली. चैत्राचं ऊन, पायात चप्पल नाही, कडेवर रडणारं पोर. पण ती सावलीत गेली नाही. माझ्या पायांकडं बघत राहिली. मी जंपर कसला, क्लॅम्प तपासला, पाचदहा मिनिटांचं काम होतं, पण तिच्या त्या बघण्यानं माझी बोटं घसरायला लागली. तीन वर्षांत मला खांबावर कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी मी पाऊल चाचपून चाचपून खाली उतरलो. माझे पाय जमिनीला लागलेले बघितल्यावरच ती आत गेली.

हे हातांच्या ग्रीसचं नव्हतं, एवढं मला कळलं.

आई खांबाच्या बुंध्याशी येऊन उभी होती. मी तिला तिथंच अडवलं आणि म्हणालो, की आता सांगितल्याशिवाय मी हलत नाही.

"वरचे आलेत," आई म्हणाली.

मला उमगलं नाही.

"दात. पोरीचे वरचे दात आधी आलेत. दोन. काल सकाळी दिसले." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "मामाला वाईट असतं. मामानं ते बघायचं नसतं. खालचे येईपर्यंत तरी."

मी हसलो. खरंच हसलो, कारण कालपासून मी मनाला काय काय लावून घेतलं होतं. आई हसली नाही. मग मला राग आला. घरी जाऊन मी दारावर थाप मारली आणि बंद दारालाच बोलत सुटलो. दहावी पास झालेली बाई तू, नवरा फौजेत, आणि हे कसलं खूळ घेऊन बसलीस. पोर तिकडं रडून मरायला टेकलीय, तिला घेऊ दे मला.

मग आक्का अगदी दाराशी येऊन बोलली. आवाज जवळून आला, लाकडाला कपाळ टेकून बोलल्यासारखा.

"तू खांबावर चढतोस, जालू," ती म्हणाली. "रोज चढतोस."

एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता रडायची थांबली. मी ओसरीवर चहा घेत होतो. आवाज थांबल्यावर आधी बरं वाटलं आणि मग कपातला चहा तसाच राहिला. दार उघडून आक्का बाहेर आली. तिनं पोरीला पदरात गुंडाळलं होतं. मुक्ता तापानं फणफणली होती, कण्हत होती, अंगावर घेतली तरी तोंड फिरवत होती. आईनं पायाला हात लावून बघितला आणि म्हणाली, की दातांचा ताप असाच चढतो, उतरेल. हौसाकाकूही तेच म्हणाली. पण मी आक्काकडं बघितलं आणि आक्कानं माझ्याकडं, आणि आम्ही दहाची एसटी पकडली.

गाडीत ती पुढच्या बाकावर बसली आणि मला दोन बाकं मागं बसायला सांगितलं. तालुक्याला पोहोचायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मला मुक्ताचं फक्त एक पाऊल दिसत होतं, पदरातून बाहेर आलेलं, गाडीच्या हिसक्यांबरोबर हलणारं. रोज ती त्या पावलानं माझ्या छातीवर लाथा मारायची. आता ते नुसतं लोंबत होतं. मध्येच आक्कानं ते पदराखाली घेतलं आणि मग तेही दिसेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयस्क, कमी बोलणाऱ्या. ताप एकशे तीन निघाला. त्यांनी पोट तपासलं, छाती तपासली आणि मग कानात बघायचं म्हणून बॅटरी घेतली. मुक्ता मान झटकायला लागली. आक्कानं डोकं धरायचं होतं, पण तिचे हात इतके थरथरत होते, की बॅटरीचा उजेड कानावर ठरेना. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं.

"तुम्ही कोण?" बाईंनी मला विचारलं.

"मामा."

"मग लांब काय उभे? या इकडं. समोरून धरा, घट्ट. मान हलता कामा नये."

मी आक्काकडं पाहिलं. तिनं नको म्हणून मान हलवली, मग त्या कण्हणाऱ्या पोरीकडं पाहिलं, आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी मुक्ताचं डोकं दोन्ही हातांत धरलं. दोन दिवसांनी तिचा चेहरा बघत होतो. गाल उतरले होते, ओठ सुकले होते. तिनं मला ओळखलं. तोंड वाकडं केलं, हात पुढं केले, तिला वाटलं मी आता उचलून घेणार. आणि मी तिला आवळून धरलं. बाईंनी कानात नळी घातली आणि मुक्ता माझ्या तोंडासमोर तोंड उघडून किंचाळली. तेव्हा मला ते दिसले. वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन दात. इतके लहान, की माहीत नसतं तर दुधाचा थेंब वाटला असता.

कानात पू झाला होता. बाईंनी हात धुता धुता सांगितलं, की दात येताना मूल किरकिरं होतं, लाळ गाळतं, चावत सुटतं, पण एकशे तीन ताप दातांनी येत नाही. दात येतायत म्हणून लोक सगळं त्यांच्यावर ढकलतात आणि खरं दुखणं आत वाढत राहतं. दोन दिवस आधी आणायला हवी होती. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि ताप उतरेपर्यंत इथंच थांबा म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. आता माझ्यापासून लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुक्ता आक्काच्या मांडीवर आणि मी तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होतो. बऱ्याच वेळानं आक्का बोलली.

"माझे पण वरचेच आधी आले होते."

मी हात थांबवला.

आम्हाला एक मामा होता आणि तो तरणाताठा असताना गेला, एवढंच मला ठाऊक होतं. घरात त्याचा विषय निघत नसे, नावही घेत नसत. आईचं माहेर पाटणकडचं, पावसाच्या मुलखातलं. तो गेल्यावर आईचं तिकडं जाणंच कमी झालं होतं. आक्कानं मला सांगितलं, की ती सहा वर्षांची असताना एकदा आईबरोबर आजोळी गेली होती. विहिरीवर बायका होत्या. एकीनं विचारलं, ही कुणाची, आणि आजी म्हणाली, हीच ती, हिनंच माझा ल्योक खाल्ला. दात वरून घेऊन आली. आक्काला तेव्हा नीट कळलं नाही. दिवसभर ती आरशासमोर तोंड उघडून बघत राहिली, आपण माणूस कसं खाल्लं असेल. पुढं कळलं. तिच्या लग्नात पाठीशी मामा म्हणून आईचा लांबचा मावसभाऊ उभा होता. आक्का म्हणाली, अंतरपाटाआड मला एकच वाटत होतं, मागं वळून बघितलं तर तिथं कुणी नसेल.

"आईनं कधी काही म्हटलं?" मी विचारलं.

"एका शब्दानं नाही. पण तिला ठाऊक होतंच की." तिनं मुक्ताच्या ओठांवरून बोट फिरवलं. "मी एकाला खाल्लं, जालू. आता ही तुला..."

मी म्हणालो, की मला काही होत नाही. म्हणालो खरा, पण माझ्याच कानांना ते पोकळ वाटलं. अशा माणसाला काय सांगायचं? हे सगळं खोटं आहे हे दाखवायचा माझ्याकडं एकच मार्ग होता, जिवंत राहणं, आणि त्याला आयुष्य लागतं. मी नंतर बत्तीस वर्षं खांबावर चढलो आणि प्रत्येक वेळी उतरलो. पण त्या दिवशी बाकावर मला ते तिला देता येत नव्हतं. मी फक्त फडकं पाण्यात बुडवून पिळत राहिलो.

दुपारी ताप उतरायला लागला. मुक्तानं थोडं दूध घेतलं. चारच्या गाडीनं आम्ही घरी आलो.

ऊन कलायला आलं होतं. आक्का ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन औषध पाजत होती आणि आई तिच्याजवळ बसली होती. मी ठरवलं नव्हतं, पण बोलून गेलो. आजीचं विहिरीवरचं बोलणं, आरसा, लग्नातला मामा, जे बाकावर ऐकलं ते सगळं आईला तिच्यासमोर सांगितलं. आक्का मला नको नको म्हणत होती. आई हलली नाही. माझं बोलणं संपल्यावर ती बराच वेळ अंगणातल्या चिंचोक्यांकडं बघत बसली.

"तो गेला तेव्हा हिला दात नव्हते," ती म्हणाली.

"आषाढात गेला तो. हिचे दात श्रावणात आले." आईचा आवाज अगदी साधा होता, हिशेबाचं काही सांगावं तसा. "ही सात महिन्यांची होती. जुलाब लागले होते, राहत नव्हते. सासूबाई म्हणायच्या, दातांचं हाय, व्हतंय बरं. मला घरी कुणी विचारत नव्हतं. मी गाडीवाल्याच्या हाती भावाला निरोप धाडला, की उद्याच्या उद्या येऊन मला न्हे. न्हाई आलास तर परत तोंड दाखवणार न्हाई."

आक्काच्या हातातला चमचा तसाच राहिला होता.

"ओढ्याला पूर होता. काठावरची माणसं म्हणाली, थांब, पाणी उतरू दे. तो म्हणाला, बहीण वाट बघतीय. दोन दिवसांनी घावला, खालच्या वळणाला."

"मग आजी?" मी विचारलं.

"आईला वेड लागायची पाळी आली होती. सारखी विचारायची, निरोप कुणी धाडला, एवढ्या पावसात त्याला कुणी बोलावलं. मी सांगितलं न्हाई. गाडीवालाही बोलला न्हाई. श्रावणात हिचे दात आले, वरचे आधी, आणि आईनं ते बघितलं. म्हणाली, हेच. हिनंच नेला त्याला." आईनं पहिल्यांदा आक्काकडं पाहिलं. "मग मला कुणी काही विचारलं न्हाई. मला सुटल्यासारखं झालं, शालन. मी एवढंच केलं, गप्प बसले."

मला वाटलं आक्का आता उठेल, आत जाईल, पुन्हा कडी लावेल. तिला तसा हक्क होता. हौसाकाकू भिंतीपलीकडून पोर कशी आहे म्हणून विचारत होती. मुक्ता मात्र चमच्यासाठी तोंड उघडून बसली होती. आक्कानं उरलेलं औषध तिला पाजलं, पदरानं हनुवटी पुसली. मग चमचा वाटीत ठेवला.

"नाव काय होतं त्याचं?" तिनं विचारलं.

आईला पटकन सांगता आलं नाही.

"ज्ञानदेव," ती म्हणाली. "आम्ही ज्ञानू म्हणायचो."

"किती वर्षांचा होता?"

"एकोणीस."

आक्का तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. "एवढासा," ती म्हणाली, आणि मुक्ताला माझ्याकडं देऊन आईजवळ सरकून बसली.